तीनदा विसळलेली बाटली

त्या निळ्या जारवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. तोंडावरचं प्लास्टिक कधी घट्ट, कधी नुसतं गुंडाळलेलं. "कुठं भरतोस रे?" विचारलं की जारवाल्याला वरच्या माळ्यावर घाई असायची.

बायकोचं पोट सारखं बिघडायचं, म्हणून डॉक्टरांनी जारचं पाणी सांगितलं होतं. तरी महिन्यात दोनदा ती झोपूनच होती. मला वाटायचं, औषध म्हणून आपण विकतचं दुखणं पाजतोय.

सून लॅबमध्ये कामाला. तिनं एक छोटी बाटली आणली. "बाबा, खुणेपर्यंत जारचं पाणी भरा आणि दोन दिवस ठेवा. काळं झालं तर पाण्यात जंतू आहेत. बाकी काही करू नका." आणि ड्युटीला गेली.

मी चौथी शिकलेला, पण गिरणीत कापड रंगवायच्या डाइंग खात्यात पाण्याचे नमुने मीच भरायचो. ज्या पाण्याचा नमुना, त्याच पाण्यानं बाटली आधी तीनदा विसळायची, हा तिथला कायदा. झाकण काढलं तर बुडाशी पिवळट भुकटी. म्हटलं, लॅबवाले पण असलेच, घाणेरडी बाटली दिली. तीनदा खळखळून विसळली, मोरीत ओतली, मग भरली.

दोन दिवस तासातासाला बघत होतो. पाणी नितळच्या नितळ.

पाणी तपासायला ठेवलंय हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. जिन्यात जारवाल्यानं गाठलंच. "काय काका, झालं समाधान?" आजूबाजूला चार माणसं. "पाणी चांगलं आहे. माझी चूक," म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही. समोरच्या वहिनींनी त्याच दिवशी जार लावला. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती.

रविवारी सुनेनं बाटली उजेडात धरली. "पाणी पिवळसर दिसायला हवं होतं. आतली भुकटी कुठं गेली?"

"ती घाण? धुऊन टाकली."

ती हसली नाही. "बाबा, तेच औषध होतं. जंतू असले की त्यानंच पाणी काळं होतं."

तिनं आणलेली दुसरी बाटली मीच भरली, न विसळता. ती शेजारी उभी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर शाई ओतल्यासारखं काळं. जार उचलून मोरीत रिकामा केला आणि बायकोसाठी पाणी उकळायला ठेवलं.

"समोर मी सांगून येते," सून म्हणाली.

"नको. बोललो मी, शब्द मागे घ्यायला पण मीच जाणार."

काळी बाटली घेऊन वहिनींच्या दारात उभा राहिलो. "ते पाणी लेकीला देऊ नका. खराब आहे."

"अहो, चांगलं आहे म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं. बाटली भरताना माझं चुकलं होतं."

वहिनींनी एकदा बाटलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मग ही तरी नीट भरलीत का?"

राग आला. पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. मागं वळून सुनेला हाक मारली. "ये गं. तू सांग यांना."