पाण्याखालच्या लाह्या

नागपूरच्या इतवारीत भट्टीवर लाह्या फुटत होत्या आणि प्रा. कुमुदबाई गजभिये डोळे मिटून ऐकत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकायला नुकतीच आले होते, कॉन्व्हेंटमधली, घाबरट.

"ऐक वं शीला. समुद्राखाली जिवंत प्रवाळाचा खडक असाच वाजते. बारक्या कोळंब्या नांग्या वाजवून राहिल्या असतात."

भट्टीवाला म्हणाला, "बाई, लाह्या घ्याच्या आहेत, का नुसत्या ऐकाच्या?"

बाईंशी माझी ओळख झाली ती अशी.

नागपूरहून समुद्र किती लांब! तरी बाईंनी दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना मालवणच्या सागरी अभयारण्यात नेलं. मला पाण्याची भीती. बाईंनी अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत, तोंडात श्वासनळी देऊन, मला आठ दिवस डोकं बुडवायला लावलं. "काहून भेऊन राहिली वं? टाकीत मगर नाही." बोलायच्या असं, पण माझं मनगट त्यांनी एकदाही सोडलं नाही.

प्रवाळावर पाय टेकायचा नाही, काही उचलायचं नाही, हा त्यांचा नेम. एकदा मी मेलेल्या प्रवाळाचा तुकडा पिशवीत लपवला. बाई रागावल्या नाहीत. परतीची गाडी सुटायच्या आत मला होडीत बसवलं. "ज्याचं त्याले देऊन ये."

गेल्या हिवाळ्यात बाई पाण्यात उतरल्या आणि लगेच वर आल्या. चेहरा पडलेला.

"मले काहीच ऐकू नाही येऊन राहिलं. माये कान गेले का खडक गेला? तू पाहून ये."

मी गेले. ऊन थेट तळापर्यंत पोचलं होतं. सगळं प्रवाळ राख फासल्यासारखं पांढरं. एक मासा माझ्या मुखवट्याच्या काचेसमोर थांबून नुसतं तोंड उघडत-मिटत होता. आवाज कसलाच नव्हता. मग, टक. मी श्वास रोखला. बराच वेळ काही नाही. श्वास घेतला, पुन्हा टक. माझ्याच दातांखालची नळी होती ती. इतकी वर्षं आम्ही त्या खडकाला ऐकत आलो. त्या दिवशी तोच गप्प राहून मला ऐकतो आहे, असं वाटलं.

वर आले. होडीचा काठ धरून पुटपुटले, "कानच गेले, बाई, तुमचे."

सिस्टरांनी शाळेत खोटं न बोलण्याची शपथ घातली होती. ती मी तिथे मोडली, हे या गौरवग्रंथात कबूल करते.

बाई पाण्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकं हळू बोलली, तरी ऐकू आलं वं मले."

होडी किनाऱ्याला लागली. उतरताना बाई म्हणाल्या, "पांढरं पडलं म्हंजे मेलंच असं नाही. कोणीतरी ऐकाले जात राहिलं पाहिजे."

पंचाहत्तरी गाठलेल्या आमच्या बाईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो आणि त्यांचे कान असेच तिखट राहोत. आपल्या सामानाची वाटणी त्यांनी स्वतःच सांगितली आहे, ज्याचं त्याले. पाण्याखाली लिहायच्या पाट्या विभागाला. काचेचा मुखवटा मला. श्वासनळी नव्या तुकडीतल्या सगळ्यात घाबरट मुलीला, टाकीसकट. या ग्रंथाची पहिली प्रत मालवणच्या होडीवाल्याला.

एक वाटणी माझ्याकडून. पाण्याखाली खडकाचा तो आवाज पुन्हा ज्याला सगळ्यांत आधी ऐकू येईल, त्याने इतवारीतून लाह्यांची पुडी घ्यावी आणि बाईंच्या हातात द्यावी. सांगायची काही गरज नाही.