येलदरीच्या काठाला खजिना पुरायला गेलो त्याची हकीकत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एक काळा परकर फाडला. गयाचा, माझ्या बायकोचा, जुना परकर होता. मी दोन्ही हातांनी ताणून धरला आणि तिनं कात्री चालवली. पुण्याच्या नातवंडांना चाच्यांचा झेंडा पाहिजे होता. चाचे म्हणजे समुद्रावरचे दरोडेखोर, जहाजं लुटणारे. त्यांच्या झेंड्यावर माणसाची कवटी असते आणि खाली आडवीतिडवी दोन हाडं. गयानं जन्मात कवटी काढली नव्हती. तिनं माझ्या फाटक्या धोतराचा तुकडा कापून शिवला, तो भोपळ्यासारखा झाला. हे काय काढलंस, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "दात काढून ठिवल्यावर तुमी असेच दिसताव." मग आम्ही चहा प्यालो. त्याच आठवड्यात ती झोपेत गेली.

हा झेंड्याचा खटाटोप आमच्या लेकीनं, संगीतानं लावलेला. ती पोरांना शाळेत घालत नाही, घरीच शिकवते. मला हे पटलं नव्हतं. मी सातवीत शाळा सोडली, पण तोवर जात तरी होतो. ती एक विषय धरते आणि महिनाभर सगळं त्यातूनच शिकवते. या खेपेला चाचे. लूट वाटायची तर भागाकार आला. नकाशा वाचायचा तर दिशा आल्या. होडी का तरंगते ते विज्ञान, आणि जहाजावरचे नियम लिहून काढायचे ते शुद्धलेखन. चोरांवरून पोरांना काय शिकवतेस, असं मी विचारलं, तर म्हणाली, चोरी करू नये हे पण त्यातच येतं, आबा. गयाला मात्र सगळं आवडलं होतं. तिचं माहेर येलदरी धरणाच्या काठाला. समुद्र नसला तर नसला, आमचं पाणी काय थोडं आहे, आबा जाऊन जागा बघून येतील, असं तिनं परस्पर सांगून टाकलं होतं.

ती गेली आणि विषय तिथंच राहिला. माघ महिन्यात संगीताचा फोन आला. पोरं चाच्यांचं विसरायला तयार नाहीत, जावई कोकणात खोली बघताहेत, तुम्हांला जमणार नसेल तर तसं सांगा, आम्ही तिकडंच जातो. ती रागावून बोलली नाही, माझी काळजी करूनच बोलली. पण पोरं कोकणात गेली म्हणजे यंदा माझ्याकडं येत नाहीत, एवढं मला कळलं. घरात दुसरं माणूस नाही. रेडिओ लावून ठेवतो, पण तो काही विचारत नाही. मी म्हणालो, जमतंय. उद्या जागा बघतो आणि कळवतो.

सकाळी पिशवी भरली. झेंडा, खुरपं, एक पितळी डबा, खजिना म्हणून गयाच्या पेटीतले निजामाच्या काळचे तांब्याचे पैसे, आणि सईनं दिवाळीत काढलेला नकाशा. सई थोरली नात. नकाशात पाणी, बेचक्यासारख्या दोन फांद्यांचं झाड आणि झाडाखाली लाल फुली. या चित्राला जुळणारी जागा मला शोधायची होती.

गावाहून जीपनं पाथरी, पाथरीहून एसटीनं परभणी. खिडकीतून बघायला पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) आणि हरभरा. परभणीला गाडी बदलली. शेजारी घोंगडं घेतलेला एक मेंढरंवाला बसला. कुठं निघालाव, त्यानं विचारलं. मी सरळ सांगितलं की दरोडेखोरांचा एक वर्ग भरवायचा आहे, जागा बघायला चाललो. त्यानं मांडीवरचं गाठोडं उचलून पलीकडच्या बगलेत धरलं आणि जिंतूर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

बोरीला गाडी बराच वेळ थांबली. ड्रायव्हर चहाला गेला तो येईना. ऊन चांगलंच तापलं होतं, घसा सुकला होता. मी खाली उतरून लिंबं घेतली. वाटेत पाण्यात पिळायला बरी. या लिंबांनी पुढं माझा काय घात केला ते सांगतोच.

जिंतूरहून जीप. घाटाचं वळण संपलं की एकदम पाणी दिसतं. लग्न झालं तेव्हा मी ते पहिल्यांदा बघितलं आणि आमच्याकडच्या विहिरी मनातून उतरल्या. यावेळी पाणी मागं हटलेलं होतं. हटलेल्या जागेवर गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी) हिरवीगार होती.

जीपवाल्याला मी गावाच्या अलीकडंच थांबायला सांगितलं. खरं सांगायचं तर मला गावात जायचं नव्हतं. सासरवाडीला मी एकटा कधी गेलो नाही. ती पुढं, पिशवी घेऊन मी मागं, असं जायचं. आता एकटा दिसलो की बाया रडणार, मला ते अवघड जाणार. मेहुण्याला, माणिकला, कळवलंही नव्हतं. जागा बघायची आणि आल्या वाटेनं निघून जायचं. म्हणून गावाला वळसा घालून बांधाबांधानं काठाला उतरलो.

आणि जागा मिळाली. बेचक्यासारख्या दोन फांद्यांची बाभूळ, खाली सावली, समोर उथळ पाणी, दोराला बांधलेली एक होडी. सईनं इथं बसूनच चित्र काढलं असं वाटावं. फार दिवसांनी मला जरा बरं वाटलं. झेंडा फांदीला लावून बघितला, लांबून दिसतो का ते. मग खुरपं काढलं. माती किती कडक आहे, पोरांच्या हातानं उकरेल का, डबा मावेल का, हे बघायला नको? घाम आला म्हणून लिंबं बाहेर काढून ठेवली, डबा आणि पैसेही, आणि खणायला बसलो.

पाठीमागून आवाज आला. "काय खोदायलाव, बाबा?"

वळून बघितलं तर चार-पाच जण. पुढं एक उंच माणूस, हातात काठी. मागं एक जण मोबाईलवर माझं शूटिंग करत होता.

मी म्हणालो, "खोदत न्हाई. पुरायलोय."

"काय पुरायलाव?"

"खजिना."

ते एकमेकांकडं बघायला लागले. उंच माणूस म्हणाला, "खजिना पुरायला कुणी येतंय का? उकरायला येतेत लोक." मग त्यानं झेंड्याकडं बघितलं, कवटीकडं. मग लिंबांकडं, खड्ड्याकडं, तांब्याच्या पैशांकडं. आणि हळूच विचारलं, "आज आमुशा हाय, म्हाईत हाय ना?"

मला माहीत नव्हतं. घरात कॅलेंडर गयाच बघायची. आमच्या भागात अमावस्येला काळं फडकं, कवटी आणि लिंबं घेऊन झाडाखाली खड्डा घेणारा माणूस एकच काम करत असतो. गुप्तधन काढतो. त्यापायी काय काय होतं ते मीही ऐकून आहे. त्या लोकांच्या जागी मी असतो तर मीही काठी घेऊन आलो असतो.

मी सगळं सांगायला लागलो, पण मला गोड करून सांगता येत नाही. नातवंडं शाळेत जात नाहीत, लेक घरी दरोडेखोर शिकवते, त्याचा नकाशा हा. एक जण म्हणाला, म्हाताऱ्याचं टोळकंच हाय. नकाशावरची लाल फुली त्यांना कुंकवाची वाटली. ती स्केचपेनाची आहे, चाटून बघ, असं मी म्हणालो, त्यानं आणखी बिघडलं. पोलीस पाटलाला बोलवा, असं बोलणं निघालं.

मला मारतील याची भीती नव्हती. या वयात मारून मारून किती मारतील? पण ते शूटिंग फिरत फिरत पुण्याला गेलं तर? जो बाप असा धरला जातो त्याच्याकडं कोण पोरं पाठवील? जावई दुसऱ्या दिवशी कोकणातली खोली पक्की करतील. बाभळीखाली बसल्या बसल्या मला माझं घर दिसायला लागलं, रेडिओसकट.

उंच माणसानं विचारलं, "हितं तुमाला कुणी वळखतंय का?"

ओळखत होतं अर्धं गाव. पण ते सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागणार होतं. मी खुरप्याची माती पुसत बसलो. त्यानं पुन्हा विचारलं. मग मी म्हणालो, "माणिकचा दाजी हाय मी. गयाचा मालक."

शूटिंगवाल्यानं मोबाईल खिशात घातला. उंच माणसानं काठी बाभळीला टेकवली, फांदीवरचा झेंडा काढला, नीट घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाला, "गयाआत्याचं कळलं होतं आमाला. तुमी आधी बोलायचं ना."

निरोप गेला तसा माणिक पळतच आला. चपला हातात होत्या. मला वाटलं रडेल. तो चिडला होता. "दाजी, घरावरून गेलाव अन् घरात न्हाई आलाव. ताई गेली म्हणून आमी पण गेलाव का?" मी पिशवी उचलली आणि त्याच्या मागं चालायला लागलो.

बाया रडल्या, थोडा वेळ. मीही रडलो. वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. मग माणिकच्या बायकोनं ताट वाढलं. मरळीचं (गोड्या पाण्यातला एक मासा) लालभडक कालवण आणि ज्वारीची भाकरी. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मी बोलायचं थांबवून जेवलो. उंच माणूसही जेवायला बसला होता. सारखी माझ्या ताटात भाकरी टाकत होता, धरलं त्याची भरपाई म्हणून.

जेवण झाल्यावर माणिकनं आपल्या मोबाईलवर संगीताला लावलं, तोंड दिसतं तसं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं त्याचं म्हणणं. मी बाजूला सरकून बसलो. माणिकनं काही झाकलं नाही. तुझ्या बापाला गुप्तधन काढताना धरलं होतं म्हणाला. मी मनात म्हणालो, संपलं. तेवढ्यात सई तिच्या अंगावरून पुढं आली. एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेली. आबांना खरंच पकडलं का, दोरीनं बांधलं का, हे विचारायला लागली. तिला फारच आनंद झाला होता.

मग माणिकला चेव आला. तो म्हणाला, पोरांनो, चाचे काय सांगता, तुमची आजी या पाण्यावरची पहिली दरोडेखोर. गया पोर असताना म्हशीच्या पाठीवर बसून पाणी ओलांडायची, पलीकडच्या गाळपेरीतली टरबुजं तोडायची आणि पाण्यात ढकलून द्यायची. टरबुजं तरंगत यायची, मागून ही म्हशीवर. माणिकचं काम काठावर उभं राहून गोळा करायचं. पकडली गेली नाही कधी. उंच माणूस म्हणाला, ती टरबुजं आमच्या आज्याची होती.

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार केला, टरबूज घरात आलं की ती का हसायची ते मला त्या ओसरीवर कळलं.

फोनमधून संगीताचा हसण्याचा आवाज आला. आई गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मामा, म्हैस आहे का अजून?"

"म्हशी हायेत. टरबुजं पण लावलीत."

"मग कोकण कशाला? आबा, आम्ही तुमच्याकडंच येतो. तिथून दोन दिवस मामाकडं जाऊ."

मी नुसता हो म्हणालो.

बाकीचं सगळं तिथंच ठरलं. होडी माणिकच्या दोस्ताची, दोर न सोडता काठालाच ठेवायची. टरबुजं पाण्यात सोडून का तरंगतात ते शिकवायचं. वाटणी उंच माणूस करणार, माल त्याच्या आज्याचा म्हणून. डबा मात्र आता पुरायचा नाही. पुरला तर आमचं गाव तो काठ उकरून टाकंल, असं तोच म्हणाला. पोरं येतील त्या सकाळी पुरू. तोवर डबा माणिकच्या कपाटात.

संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. जिंतूरपर्यंत माणिक सोडायला आला. मला वाटत होतं, तिथं गेलो तर गया नाही एवढंच दिसेल. पण तिथल्या लोकांकडं ती माझ्यापेक्षा जुनी आहे. मी लग्नानंतरची ओळखत होतो, त्यांच्याकडं त्याच्या आधीची होती, आणि ती त्यांनी मला दिली. न जाता परत आलो असतो तर मूर्ख ठरलो असतो. परभणीला गाडी बदलली आणि खिडकीला डोकं टेकून झोपलो, तो पाथरीला कंडक्टरनं उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. मधल्या खोलीत वाकळींचा (जुन्या लुगड्यांच्या गोधड्या) ढीग आहे, पोरं आली की गया तो काढायची. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता, त्यांना तिचा वास होता. उन्हात टाकल्या की तो जाईल हे मला माहीत होतं. पण पोरांना कुबट वाकळीत निजवतात का? एकेक बाहेर आणली, झटकली आणि कुंपणाच्या भिंतीवर ओळीनं पसरली. शेजारीण विचारायला लागली, कोण यायलंय? मी म्हणालो, नातवंडं. मग वाकळी उलट्या केल्या, म्हणजे दुसरी बाजूही तापावी.