दाब उंचावरून येतो

प्लंबिंगमध्ये चाळीस वर्षं काढली की माणसाला जगातली प्रत्येक अडचण पाण्याचीच वाटू लागते. प्रेशरमास्तरांचं तसंच झालं होतं. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. नळाची धार बारीक असो, की शेजाऱ्याची स्कूटर चढावर दम टाको, मास्तरांचं निदान एकच: "प्रेशर नाही."

त्या दिवशी प्रेशर नव्हतं घरच्या इंटरनेटला, आणि साडेतीन वाजून गेले होते.

मास्तरांची लेक पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. गेल्या महिन्यात तिनं बांधलेल्या पहिल्या टाकीचं उद्घाटन झालं, तिचं भाषण झालं, आणि पहिल्या रांगेतली वडिलांची खुर्ची रिकामी राहिली. नेमकी त्याच सकाळी इस्पितळाची मोठी लाइन फुटली होती आणि मास्तर पाना घेऊन तिकडे पळाले होते. लेक रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना महिनाभर वाटत होतं. आता तिनं भाषणाच्या व्हिडिओची लिंक पाठवली होती. ती पाच वाजता बंद होणार होती आणि सहाला लेकीचा फोन येणार होता.

बैठकीतल्या लॅपटॉपवर व्हिडिओ थेंबथेंब उतरत होता आणि आकडा दिसत होता: उरलेला वेळ अकरा तास.

"तिला सांगा ना, परत पाठव म्हणून," बायको म्हणाली.

"काय सांगू? आधी आलो नाही आणि आता बघितलंही नाही, असं?"

मग मास्तर कामाला लागले. आधी सगळे नळ बंद. म्हणजे टीव्ही बंद, स्वतःचा फोन बंद, आणि बहिणीशी ऐन रंगात आलेल्या बायकोचाही फोन बंद. आकडा साडेदहा तासांवर आला. मग त्यांनी बाहेरून येणारी वायर तपासली. तिला चार ठिकाणी वळणं होती, आणि वळणावर दाब मरतो हे तर शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी ती सोडवून कपड्यांच्या दोरीवरून सरळ ओढून घेतली. काही फरक नाही. लाइनमध्ये हवा धरली असेल म्हणून वायरचं टोक काढून त्यात जोरात फुंकलं. बायकोनं कपाळावर हात मारला.

"कंपनीच चोर आहे," मास्तर म्हणाले. "वरच्या मजल्यावर तो शिंपी राहतो ना, त्यानं मध्येच जोड मारलाय बघ."

शिंप्याकडे इंटरनेटच नव्हतं. शेवटी सव्वाचारला कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, राउटर कुठे ठेवलाय?"

"सगळ्यात उंच," मास्तर अभिमानानं म्हणाले. "दाब उंचावरूनच येतो. बाथरूमच्या माळ्यावर, टाकीच्या मागे."

"टाकी कशाची आहे?"

"स्टीलची. दोनशे लिटर."

"आणि ती... भरलेली आहे?"

"अहो बाई, मी प्लंबर आहे. टाकी रिकामी ठेवीन का?"

मग ती म्हणाली, की स्टील आणि पाणी यांच्या आरपार वायफाय जात नाही. राउटर काढून बैठकीत आणा.

तो निघणार नव्हता. मास्तरांनी तो लोखंडी क्लॅम्प मारून, वर सिमेंट थापून बसवला होता. मास्तरांचं काम एकदा बसलं की दहा वर्षं हलत नाही, असा त्यांचा लौकिक होता.

"मग लॅपटॉपच वर न्या आणि वायरनं जोडा," मुलगी म्हणाली.

आणि म्हणून पासष्ट वर्षांचे मास्तर शिडी चढून माळ्यावर गेले, टाकी आणि भिंत यांच्यामध्ये पोट आत ओढून शिरले आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. वायर जोडली. उरलेला वेळ: सव्वीस मिनिटं. मास्तरांनी श्वाससुद्धा बेतानं घेतला, उगाच कुठे गळती नको. पाचला आठ मिनिटं कमी असताना व्हिडिओ उतरला. बायको शिडीच्या वरच्या पायरीवर मान लांब करून उभी राहिली.

"माझे बाबा आज आले नाहीत," पडद्यावर लेक माइकसमोर सांगत होती. "म्हणजे कुठेतरी पाइप फुटलाय. नाहीतर ते आलेच असते." लोक हसले. "त्यांनी मला पहिला धडा दिला तो असा: धार बारीक आली, तर आधी स्वतः केलेलं काम तपासायचं. दुसऱ्याला शिव्या नंतर द्यायच्या."

टाळ्या पडल्या.

"अहो," बायको शिडीवरून म्हणाली, "ते शेवटचं परत लावा. नीट ऐकू आलं नाही."

तिला स्वच्छ ऐकू आलं होतं. मास्तरांनी परत लावलं. तिनं आणखी एकदा लावायला लावलं, आणि मग हसू आवरेना म्हणून खाली उतरून गेली.

सहाला फोन वाजला, तेव्हा मास्तर अजून माळ्यावरच होते.

"बाबा, पाहिलंत?"

"चारदा," मास्तर म्हणाले. आवाजाला अजिबात प्रेशर नव्हतं. "तीनदा तुझ्या आईबरोबर. चौथ्यांदा माझं मी."