उपाशी धामण

सोलापुरात आम्ही चौघे सर्पमित्र. साप सोडून आलो, चहाला टेकलो की किस्से निघतातच. सगळे दुसऱ्यांच्या फजितीचे! माझे स्वतःचे मात्र मी आजवर झाकून ठेवले. लाज वाटते, दुसरं काय!

*

टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या पोत्यांमागे पाच फुटी धामण सापडली. आमचा नियम एकच: पकडलेला साप त्याच दिवशी सोडायचा. पण इतकी देखणी, की मी घरी नेली. माशांच्या रिकाम्या टाकीत ठेवली. आमच्यातले सगळ्यात जुने मल्लूअण्णा. त्यांचा फोन आला, "सोडलास का रं?"

"व्हय अण्णा, मघाशीच!"

बोलताना मी टाकीकडे पाठ केली होती.

*

आठवडा झाला, ती कशालाच तोंड लावेना. पांढरा उंदीर आणून सोडला. सकाळी बघतो तर उंदीर तिच्या वेटोळ्यावर झोपलेला! तो उपाशी राहू नये म्हणून लेक त्याला शेंगा टाकायला लागली. पंधरा दिवसांत उंदीर गुबगुबीत झाला आणि धामणीचा कणा वर आला.

*

बायको वाढता वाढता थांबली. "ती तिकडं उपाशी हाय, अन् तुमी दुसऱ्यांदा आमटी मागताय?"

मागितली होती खरी. घेतलीही.

*

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. "आजच पकडली," म्हणालो.

त्यांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. "आज पकडली आणि महिनाभर उपाशी?"

"लोक फार छळतात हो मुक्या जिवांना!"

हे मी म्हणालो. मी!

*

शेवटी अण्णांचं घर गाठलं. "अण्णा, एका मित्राची धामण जेवत नाही."

अण्णांनी कप खाली ठेवला. "त्या मित्राला म्हनावं, धामण घिऊन ये. मी गाडी काढतो."

वाटेत माझ्या घरून धामण पिशवीत घेतली. शहराबाहेरच्या ओढ्यापाशी अण्णांनी गाडी थांबवली. मी पिशवीचं तोंड सोडलं. ती गवतात शिरली आणि थबकली. मला वाटलं, संपलं आता. एवढ्यात झडप! तोंडात टपोरा बेडूक! आमच्या डोळ्यांदेखत तिने तो गिळला आणि लगेच दुसऱ्याच्या मागे लागली.

अण्णा तिच्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"भूक तर लागत हुती की रं तिला!"