सायकलीची उत्तरपूजा

परळमध्ये पर्वत आहेत यावर ठाम विश्वास असलेला पृथ्वीच्या पाठीवरचा एकमेव माणूस म्हणजे माझे थोरले साडू. एरवी त्यांचा भूगोल कच्चा नाही. शिवडीच्या गोदामात जन्मभर माल उतरवून घेतल्यामुळे कुठलं बंदर कुठे आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगतील. पण लग्नाच्या वर्षी त्यांनी गिअरची सायकल घेतली, तिच्या दांड्यावर इंग्रजीत ‘माउंटन’ असं लिहिलेलं होतं, आणि त्या एका शब्दाची लाज राखण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. सायकल डोंगराची, तेव्हा डोंगर पाहिजे. मग दर रविवारी भोईवाड्यातून निघायचं, गोलंजी हिलचा चढ चढायचा आणि घामाघूम होऊन परत यायचं, हा नेम झाला. ‘आज एक डोंगर केला,’ असं ते चहाचा कप हातात घेऊन सांगत. आठवड्याच्या मध्येच डोंगराची तल्लफ आली तर ती रेल्वेच्या पुलावर भागवत, पण पुलाचं ते कौतुक करत नसत.

सायकल मूळची कशी होती हे आता सांगणं अवघड आहे. जांभळ्या रंगावर पिवळे पट्टे, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर आणि मधोमध एक जाडजूड स्प्रिंग. तिला ते शॉकअप म्हणत. ती खड्ड्यात अजिबात हलत नसे आणि सायकल स्टँडवर लावली की आपोआप कुरकुरत असे. अशा सायकलला कॅरिअर नसतो. साडूभाऊंनी तो वेल्डिंग करून बसवला, कारण ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, बसणार कुठे? मग ताईंच्या साडीसाठी मडगार्ड आलं, भाजीसाठी पुढे जाळी आली आणि देवळातल्या घंटेच्या तोंडात मारेल अशी एक घंटा आली. गिअर म्हणे अठरा होते. त्यांतला एकच लागे, आणि पुढे गिअरची वायर तुटली तेव्हा तो कायमचाच लागला. तरी चढ आला की साडूभाऊ अंगठ्याने खटका दाबत. खट् असा आवाज येई, बाकी काही होत नसे. ‘फरक पडतो रे,’ ते मला सांगत, ‘पायाला कळतं.’

चाळ पाडून तिथे टॉवर झाला आणि जिन्याखाली राहणारी ही सायकल लॉबीच्या कोपऱ्यात आली. तिथे तिला शेजार मिळाला तो भलताच खानदानी. पंधराव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना जुन्या सायकली जमवण्याचा नाद आहे. त्यांची एक विलायती काळी सायकल लॉबीत काचेच्या पेटीत ठेवलेली आहे. पितळी दिवा, चामड्याची सीट, आणि वर तिच्यापुरता वेगळा बल्ब. तिला ते ‘क्लासिक’ म्हणतात आणि पांढरे हातमोजे घातल्याशिवाय हात लावत नाहीत. साडूभाऊंनी पहिल्याच दिवशी काचेला नाक लावून विचारलं, ‘हवा किती ठेवता?’

‘हवा नाही भरत आम्ही. रबर ओरिजिनल आहे, फाटेल.’

‘म्हणजे चालवत नाही?’

‘छे, छे! चालवायची कशी?’

‘मग ही सायकल नाय हो, शोकेस झाली,’ साडूभाऊ म्हणाले आणि आपल्या जांभळ्या सायकलीत दर गुरुवारी भरायची हवा त्यांनी त्या दिवशी, बुधवार असूनही, गृहस्थ वर गेल्यावर मुद्दाम त्या काचेच्या पेटीसमोर भरली.

तरी ते गृहस्थ मनाने चांगले. कोपऱ्यात साडूभाऊंची जुनी सायकल आहे, एवढंच त्यांना पुढे वॉचमनकडून कळलं. त्यांनी लगेच इंटरकॉमवर फोन केला. तो ताईंनी घेतला.

‘तुमच्याकडे एक अँटिक पीस आहे म्हणे?’

‘आहेत ना,’ ताई म्हणाल्या, ‘पण आत्ता आंघोळीला गेलेत.’

अँटिक पीस टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि सगळं ऐकून इतके खूश झाले की तशाच अवस्थेत लॉबीत जायला निघाले. गृहस्थांनी सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, कॅरिअरचं वेल्डिंग पाहून डोळे मिटले आणि म्हणाले, ‘सॉरी काका. ही क्लासिक नाही, नुसतीच जुनी आहे.’ साडूभाऊ मला तो प्रसंग सांगताना हसत होते, पण वाक्य त्यांना लागलं होतं. ‘जी जपली ती क्लासिक आणि जी वापरली ती भंगार, असा हिशोब आहे बघ यांचा,’ ते म्हणाले, आणि बराच वेळ घंटा पुसत बसले.

पुढे सोसायटीची नोटीस लागली. लॉबीतलं सगळं भंगार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उचललं जाईल. काचेची पेटी ‘शोभेची वस्तू’ म्हणून राहणार होती. साडूभाऊंनी अर्ज केला नाही, भांडण केलं नाही. दसऱ्याला त्यांनी सायकल धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, सीटवर स्वस्तिक काढलं आणि जाळीत नारळ ठेवला. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याने हार पाहिला आणि चप्पल काढून मागे सरकला. ‘साहब, भगवान का माल मैं नहीं उठाता.’

सेक्रेटरींनी हार काढायला हात पुढे केला. साडूभाऊ म्हणाले, ‘काढा. पण उत्तरपूजा झालेली नाय. नंतर बिल्डिंगमध्ये काय झालं तर माझ्याकडे येऊ नका.’ सेक्रेटरींनी हात मागे घेतला आणि नेमकी त्याच क्षणी लिफ्ट बंद पडली. ती आठवड्यातून दोनदा तशीच बंद पडते, पण हे त्या वेळी कुणाला आठवलं नाही. तातडीची मीटिंग भरली. गुरुजींना फोन लावला. ज्याने पूजा मांडली त्यानेच उत्तरपूजा करायची, असं गुरुजींनी सांगितलं. कधी करणार, असं विचारल्यावर साडूभाऊंनी ‘मुहूर्त बघतो’ म्हणून जे उत्तर दिलं, ते आजतागायत कायम आहे. दर गुरुवारी ताजा हार आणि हवा, दोन्ही होतं. आता बिल्डिंगमधली मुलं परीक्षेला जाताना त्या सायकलीची घंटा वाजवतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सुनेच्या नोकरीसाठी नवस बोलला आणि नोकरी लागल्यावर लॉबीत पेढे वाटले. पंधराव्या मजल्यावरचे गृहस्थही एकदा हळूच आपल्या काचेच्या पेटीवर एक झेंडूचं फूल ठेवताना वॉचमनला दिसले. पण तिकडे कुणी वळलं नाही.

एवढा विजय मिळवलेला माणूस, पण गेल्या रविवारी मी गेलो तर चेहरा पडलेला. ताई म्हणाल्या, ‘गुडघे कुरकुरतायत. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, हे ऐकतील तर ना!’ साडूभाऊंनी विषय उडवून लावला. ‘गुडघ्याचं सोड रे. दसऱ्यापासून एक डोंगर झाला नाय. बसायला गेलो की कोणतरी ओरडतं, काका, देवाला पाय लावताय! उत्तरपूजा केली तर भंगारवाला नेणार, नाय केली तर बसता येणार नाय. मीच मला कोंडून घातलाय.’

त्यांची ती कोंडी मला बघवेना. दुपारी बिल्डिंग झोपलेली असताना आम्ही सायकल हाराबिरासकट बाहेर काढली. वॉचमनला साडूभाऊंनी सांगितलं, ‘देव फिरायला चाललेत,’ आणि त्याने उठून नमस्कार केला. गोलंजी हिलचा चढ आम्ही सायकल ढकलत चढलो. दोनदा थांबलो, दोन्ही वेळा हार सरळ करण्याच्या निमित्ताने.

वर पोचल्यावर मी म्हटलं, ‘भाऊ, इथे कोण ओरडणार? बसा आता.’

त्यांनी चपला काढून माझ्याकडे दिल्या. सायकलला नमस्कार केला. हँडल धरून पाय उचलला. तो दांड्याच्या अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी पुन्हा उचलला. मग खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बघ. देवाला पाय लागतो ना, म्हणून.’

‘हो ना,’ मी म्हटलं. मला फार वाईट वाटलं. ती सायकल इतके दिवस लॉबीत का उभी होती, ते आता कळलं.

मी चपला जाळीत नारळाच्या बाजूला ठेवल्या, सायकलवर बसलो आणि कॅरिअरवर हात थोपटला. माझे गुडघे अजून बरे आहेत. मग साडूभाऊ, ताई बसायच्या तसे, एका बाजूला पाय सोडून, मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या कॅरिअरवर बसले असतील. ‘बऱ्यापैकी टोचतो हा,’ ते म्हणाले. ‘ती कधी बोलली नाय.’

उतार लागला. हाराच्या पाकळ्या माझ्या तोंडावर उडू लागल्या.

‘गिअर टाक रे!’ मागून आवाज आला.

मी अंगठ्याने खटका दाबला. खट् असा आवाज आला.

‘हां,’ साडूभाऊ म्हणाले, ‘बघ, कसा फरक पडला.’