चातुर्मासातली पालेभाजी

कोगनोळीच्या नाक्यावर गाड्यांची कागदपत्रं तपासण्यात माझी निम्मी नोकरी गेली, त्यामुळे संशय घेणं अंगवळणीच पडलंय. कुणी चटकन ‘हो’ म्हणालं की मला हमखास वाटतं, इथं काहीतरी पाणी मुरतंय.

आई तशीच चटकन ‘हो’ म्हणाली होती.

तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, पायऱ्या तिला चढवत नव्हत्या आणि त्या चढण्यापलीकडे तिला दुसरं काही नकोच होतं. पण अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर रोज पालेभाजी खायला सांगितली. लिंबू पिळून, म्हणजे ती अंगी लागते. नेमका चातुर्मास सुरू झालेला. पानांवर जीव असतात म्हणून ते चार महिने आमच्यात पालेभाजी वर्ज्य. आईनं तर महाराजांसमोर नियम घेतलेला. मला वाटलं, आता दवाखान्यातच वाद घालणार. ती म्हणाली, “खाते की.”

झालं, मी पाळत ठेवली. बायको आईपुरती मेथी, पोकळा, कधी शेवग्याचा पाला करायची. आई ताट घेऊन मागच्या गोठ्यात जायची आणि रिकामं घेऊन यायची. गोठ्यात आमची म्हैस. आणखी काय पुरावा हवा?

“ताट रिकामं येतंय न्हवं? उगं कशाला संशय घेता?” बायको म्हणायची. मी म्हशीचं तोंडसुद्धा तपासून आलो.

रक्त वाढलं नाही तर ऑपरेशन नाही, हे कळत असूनही ही बाई म्हशीला पोसते, याचा मला भयंकर राग यायचा. मग एका दुपारी गव्हाणीमागं पिळलेल्या लिंबाच्या फोडी सापडल्या. एक-दोन नव्हे, चांगल्या ओंजळभर. म्हशीला भाजी घालणारं माणूस तीवर लिंबू कशाला पिळेल?

दुसऱ्या दिवशी मी आडोशाला उभा राहिलो. आई घराकडं पाठ करून, डोक्यावरून पदर ओढून, भराभर खात होती. मला बघून तिचा घास तोंडातच राहिला.

“घरात भिंतीवर देवाचा फोटू हाय,” ती म्हणाली. “त्येच्याम्होरं कशी खाऊ?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रक्त वाढलं. डॉक्टर खूश झाले, ऑपरेशनही नीट पार पडलं. थंडी सरता सरता आई माझा हात न धरता बस्तीच्या सगळ्या पायऱ्या चढली आणि दारातच थांबली.

“आत चल की,” मी म्हणालो.

“हितनंच हात जोडते.”

“अगं, औषध म्हणून खाल्लीस तू. महाराजांना सांग, प्रायश्चित्त देतील, संपलं.”



“औषध म्हणून खाल्ली असती तर गेले असते रं,” ती म्हणाली. “पण मला ती लई गोड लागली.”