बॉनेटवरची पाकळी

सकाळी गाडीचं बॉनेट घासायला बसले, तर रंगाच्या ओघळांमध्ये झेंडूची एक पाकळी रुतलेली दिसली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीच घरी स्प्रे मारला होता, आणि रंग पुरता वाळायच्या आत सकाळी पूजा करून हारही घातला होता. घाई माझी, हातही माझाच.

शेजारचे काका दूध घेऊन येताना थांबले. "अगं, कशाला हा नसता उद्योग? गॅरेजला टाक की!"

"रंग तिसऱ्यांदा बिघडला की टाकते, काका."

गॅरेजवाल्याने रंग बिघडवला, तर लोक गॅरेजला नावं ठेवतात. मी बिघडवला, तर माझ्या हौसेलाच ठेवतात. माझ्या पहिल्या पोळीचा नकाशा झाला होता, तेव्हा मात्र कुणी म्हणालं नाही की राहू दे, हॉटेलातून आणू. सगळे म्हणाले होते, "कर परत." शंभर नकाशे झाले, तेव्हा कुठे पोळी गोल झाली.

पॉलिश पेपर पाण्यात बुडवून मी घासायला लागले. पाकळी निघाली, पण तिचा ठसा काही जाईना.

काका अजून बघत होते. त्यांच्याकडे न बघता मी स्वतःलाच मोठ्याने सांगितलं, "कर परत."